अय्यो आणि अडप्पावी

सुगुणा अक्का कुठलाही बंदुकीचा गेम उघडला की आधी मरायच्या. गोळी झाडायची नाही, पळायचं नाही. आपला शिपाई मोकळ्या मैदानात उभा करायचा, हात मांडीवर ठेवायचे आणि वाट बघायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाईंना खेळताच येत नाही.

"मारायला असके गेम शिकवतात," त्या म्हणाल्या. "आधी मरून बघ. गेमचा स्वभाव तेथें कळतो."

असके म्हणजे सगळे. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचे शब्द जुने आणि बोलण्याची चाल तमिळ. मी चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात, लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. बाबा जळगावकडून बदलीवर आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

चेन्नईत टी. नगरमध्ये साड्यांच्या दुकानाच्या वर आमची गेम बनवणारी छोटी कंपनी होती. अक्का तिथल्या मुख्य डिझायनर, मी प्रोबेशनवर. पहिलंच काम मिळालं ते एका पडलेल्या गेमचं. लिंक उघडली की खेळता येणारा साधा गेम: वरून दिसणारं मैदान, चौकोनी भिंती, गोल डोक्यांचे शिपाई, एकच बंदूक. लोक यायचे, दोन-तीनदा मरायचे आणि निघून जायचे. का जातात ते शोधलंस आणि दुरुस्त केलंस तर कायम, नाहीतर दुसरीकडे बघ, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी सगळं तपासलं. गोळीचा वेग, भिंतींमधली अंतरं, बंदूक पुन्हा भरायला लागणारा वेळ, जीव किती उरला ते दाखवणाऱ्या पट्टीचा रंग. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे असकं. पण यांत माणूस कोठें आहे, मा?"

मग त्यांनी आपली रीत दाखवली. नवख्या माणसाला खेळायला बसवायचं आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसायचं. मेल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता येतो, तेवढाच ऐकायचा. "अय्यो म्हणाला तर चूक माझी म्हणतोय. तो परत खेळेल. अडप्पावी म्हणाला तर समोरच्याला शिव्या देतोय, अरे पाप्या म्हणून. तो गेम बंद करतो आणि चहा प्यायला जातो."

ऑफिसातल्या सगळ्यांना गेम पाठ झाला होता. नवखा माणूस हवा म्हणून एका रविवारी अक्का लोकलने आवडीला आमच्या घरी आल्या. आईने थालीपीठ केलं. बाबांना लॅपटॉपपुढे बसवलं तर ते संकोचले.

"मॅडम, फॅक्टरीत जन्म गेला, पण बंदूक कधी चालवली नाही."

"तुम्ही फक्त मरा हो. बाकी आम्ही बघतों."

अक्का पाठ करून बसल्या. थोड्या वेळात बाबा ओरडले, "च्यायला!"

अक्का गर्रकन वळल्या. "हे कोणतें? अय्यो कीं अडप्पावी?"

बाबा विचारात पडले. "दोन्हीकडे चालतं, मॅडम."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि आई पाणी आणायला धावली. मी मात्र बाबांकडे बघत राहिले. मेल्याबरोबर पडदा काळा व्हायचा आणि ते पुन्हा सुरुवातीला यायचे. तेवढ्या क्षणात दर वेळी त्यांची मान पडद्याच्या कडेकडे जायची. या कडेला, मग त्या. ते काहीतरी शोधत होते.

"अक्का, गोळी कुठून आली ते त्यांना दिसतच नाही. कोण मारतंय तेच कळत नाही."

अक्का उठून माझ्याजवळ आल्या. बाबांना आणखी एकदा मरायला लावलं. मग म्हणाल्या, "पाठ करून बसलेल्या मला हें जन्मांत कळलं नसतं."

दुरुस्ती छोटीशी होती. मेल्यावर पडदा लगेच काळा करायचा नाही. मारणारा शिपाई आणि त्याच्या बंदुकीपासून आपल्यापर्यंत आलेली एक रेघ क्षणभर दाखवायची. मालक म्हणाले, मेलेल्या माणसाला आणखी कशाला थांबवायचं? अक्का म्हणाल्या, "मेलेल्याला घाई नसते, सर. त्याला उत्तर हवं असतं." जेवणाच्या सुट्टीत खालच्या दुकानातल्या विक्रेत्यांना खेळायला बसवलं. अय्यो, पुन्हा अय्यो, आणि मग "अजून एकदा!" लोक गेममध्ये टिकू लागले, आणि मी कायम झाले. बाबांनी क्वार्टर्समध्ये पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात अक्कांना नोकरीवरून कमी केल्याचा मेल आला. कंपनीला एकच डिझायनर परवडणार होता, आणि माझा पगार कमी होता.

मालकांची केबिन बंद होती. अक्कांनी दार वाजवलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मेलमधून नको, सर. समोर बसून सांगा." त्या आत गेल्या, दार पुन्हा लागलं. आम्ही जागच्या जागी थांबलो. मी मान खाली घातली.

त्या बाहेर आल्या. आम्ही सगळे त्यांचा पहिला शब्द ऐकायला कान देऊन उभे होतो, आणि ते त्यांना कळलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मान खाली कायला घालतेस? गोळी तुझी नव्हे. कोणी मारलं तें मी बघून आलें."

आता त्या मैलापूरला स्वतःच्या घरातून गेम करतात. फोन केला की आधी विचारतात, "कोणत्या गेममध्यें मेलीस?"

कंपनी सावरली, नवी मुलं आली. परवा मला पहिल्यांदाच एका प्रोबेशनवरच्या मुलीला कायम करत नाही असं सांगायचं होतं. मेल लिहून तयार होता. तो पुसला, तिला आत बोलावलं, खुर्ची समोर ओढली आणि नाही म्हणण्याचा निर्णय माझा आहे, हे माझ्या तोंडाने सांगितलं. का, तेही सांगितलं. मग तिचा पहिला शब्द ऐकायला थांबले.