साहेबांच्या बंगल्यामागची खोली

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं मेथीची जुडी दिली तर तिथंच सोडून आतली पानं बघते. बालवाडीत एखादं पोर "बाई, पोट दुखतंय" म्हणालं, तर आधी खिडकीतून बघते, फाटकाशी चिंचावाली आली आहे का. त्यामुळं नवऱ्याच्या साहेबांवर मी सोळा वर्षं संशय घेतला, यात काही नवल नाही.

आमचे हे फौजेत होते. नव्वदच्या सुमाराला आमचं लग्न झालं, तेव्हा साहेब कर्नल होते. साहेब साताऱ्याकडचे. ह्यांच्या हातचा पांढरा रस्सा त्यांनी एकदा खाल्ला आणि ह्यांना सहायक म्हणून जवळ ठेवून घेतलं. सहायक म्हणजे साहेबांचं काम बघणारा जवान, एवढंच आम्हाला माहीत. काय काम, ते हे सांगायचे नाहीत. "साहेबांचं समदं माझ्यावरच असतंय," असं म्हणायचे आणि छाती पुढं काढायचे. साहेब जम्मूला गेले की हे जम्मूला, साहेब झाशीला गेले की हे झाशीला. मी मात्र कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत, सासू-सासऱ्यांजवळ.

लग्न ठरताना बोलणं झालं होतं की वर्षभरात क्वार्टर मिळेल, मग घेऊन जातो. त्या भरवशावर आईनं कुरुंदवाडहून एक ट्रंक भरून दिली होती. पातेली, पोळपाट, स्टोव्ह, दोन माणसांपुरता संसार. ती ट्रंक पलंगाखाली सरकवली ती तिथंच राहिली. हे वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे आणि आल्या दिवशी माझं सुरू व्हायचं.

"क्वार्टरचं काय झालं?"

"साहेब न्हाय म्हणत्यात."

"का पण?"

"फौजेत का म्हणून इचारायचं नसतंय."

मला हे पटायचं नाही. आमच्याच गल्लीतल्या एका साध्या शिपायाची बायको तीन वर्षं नवऱ्याजवळ राहून आली होती. आल्यावर नळावर हिंदीतनं भांडायची. तिला क्वार्टर मिळतं आणि मला मिळत नाही, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहेच की!

पहिला संशय अर्थात ह्यांच्यावर. हे आंघोळीला गेले की मी बॅग उपसायची. खिसे, पाकीट, वहीची पानं. सदरे नाकाला लावून बघायची. वास अत्तराचा यायला हवा होता, यायचा बुटाच्या पॉलिशचा आणि लसणीचा. मग माझी गाडी साहेबांवर वळली. मला सगळं लख्ख दिसलं. बायको आली तर हा माणूस संध्याकाळी सहाला घरी जाणार, मग साहेबांना रात्रीचं जेवण कोण देणार? म्हणून बायकोलाच येऊ द्यायचं नाही. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस आणि एका बाईचा संसार अडवून बसलाय! त्यांच्या बाईसाहेब दर वर्षी ह्यांच्या हाती मला एक साडी पाठवायच्या. ती बघून तर माझं डोकंच फिरायचं. माझा नवरा ठेवून घेतला आणि वर साडी! एकही मी अंगाला लावली नाही, सगळ्या सासूबाईंना दिल्या.

साहेब मात्र चढतच गेले. ब्रिगेडियर झाले तेव्हा सासऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले. सासरे मूळचे मलकापूरकडच्या एका खेड्यातले. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाव सोडलं. पाटलाच्या घरचं लग्न उरकलं की उष्टी काढायला ह्यांच्या घरानं जायचं, अशी तिथली रीत होती. सासऱ्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि एका बोचक्यानिशी कोल्हापूर गाठलं. पुढं आयुष्यभर हमाली केली, पण कुणाच्या उंबऱ्याशी वाकले नाहीत. पेढा हातावर ठेवताना म्हणायचे, "माझा पोरगा देशाची चाकरी करतोय. कुणाच्या घरची न्हाय." शेजारपाजार माना डोलवायचा. हे तिथंच असले तर पेढ्याकडं बघत बसायचे. मला वाटायचं, लाजतायत.

साहेब मेजर जनरल झाले त्या वर्षी आमची मुलगी सहा वर्षांची होती. वडील येऊन पंधरा दिवस झाले, तसं तिनं मला कानात विचारलं, "आई, हे पावणं कधी जाणार?" गल्लीतली माणसं हसली. मी त्या दिवशी न्हाणीत दार लावून रडले आणि साहेबांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.

मग एकदा पत्र आलं, साहेब आता लेफ्टनंट जनरल झाले. लेफ्टनंट हा मेजरच्या खालचा, हे मला ह्यांनीच पूर्वी शिकवलं होतं. म्हटलं, आला की नाही खाली! कुणीतरी वरचा भेटलाच म्हणायचा. एवढा आनंद झाला की मी तूप सोडून शिरा केला. सासऱ्यांनी कशाचा म्हणून विचारलं, तर म्हटलं, "साहेबांना खाली उतरवलं, आबा. आता ह्यांची सुटका व्हणार." सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी तो शिरा खाल्ला. पुढं सुट्टीला आल्यावर ह्यांनी सांगितलं, लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलच्या वरचा. म्हणजे मी त्या माणसाच्या बढतीचा शिरा केला होता! फौजेची ही काय उलटी रीत? मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी हेही घरी आले. सासरे त्याआधीच गेले होते. आणि महिनाभरात ह्यांनी सांगितलं, साहेब कोल्हापुरात एका शाळेच्या कार्यक्रमाला येणार आहेत आणि दुपारी सपत्नीक आपल्याकडं जेवायला.

"येऊ देत," मी म्हणाले. "मलाबी त्यांना एक इचारायचं हाय."

ह्यांचा चेहरा उतरला. "काय इचारू नगंस. पाया पडतो तुझ्या."

झालं! माझा संशय पक्का झाला. घाबरतोय म्हणजे साहेबांनी दम दिलेला असणार.

शेजारणीकडनं टेबल-खुर्च्या आणल्या. साहेब आले, साधा पांढरा सदरा घातलेला उंच, वाळका माणूस. माझी राक्षस बघायची तयारी होती, हा तर पेन्शनीतला हेडमास्तर दिसत होता. जेवण वाढलं आणि मी बघतच राहिले. वाढत होते हे. उजव्या हातात चमचा, डाव्या हातावर घडी घातलेला टॉवेल. साहेबांनी मिठाकडं नजर टाकली की मीठ पुढं. बाईसाहेबांचा ग्लास निम्मा झाला की भरलेला. पावलांचा आवाज नाही. घरी तांब्याभर पाणीसुद्धा मागून घेणारा हा माणूस!

"अरे, बस की," साहेब म्हणाले. "आज तू घरधनी आहेस."

हे बसले नाहीत, खुर्चीमागं उभे राहिले. मला ते बघवेना. मी शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातनं आलं ते आलंच. "साहेब, राग मानू नका. सोळा वर्षांत ह्यांच्या बायकोला एक खोली मिळाली न्हाय व्हय हो तुमच्याकडं?"

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"मिळाली नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या. "प्रत्येक बंगल्यामागं खोली होती. झाशीला तर मी तुमच्यासाठी पडदेसुद्धा लावून घेतले होते. दर बदलीला आम्ही ह्याला म्हणायचो, बायकोला आण. हा सांगायचा, तिची बालवाडी आहे, ती कोल्हापूर सोडायला तयार नाही. तुम्ही येत नाही म्हणून मी दर वर्षी साडी तरी पाठवायचे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. रश्श्याचं पातेलं दोन्ही हातांत धरून हे उभे होते. बालवाडी तर मी लग्नानंतर चार वर्षांनी धरली, घरात बसून वेड लागायची पाळी आली म्हणून. ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण भरल्या ताटावर, त्या दोघांच्या देखत, मला ह्यांना उघडं पाडता आलं नाही.

"व्हय की," मी म्हणाले. "मीच न्हाय म्हणत होते. विसरलेच बघा."

पाहुणे गेले. मी दार लावलं. हे खरकटी ताटं घेऊन न्हाणीत जाऊन बसले होते, बाह्या सरसावून घासत होते.

"कोण होती ती?" मी विचारलं.

"कोण न्हाय गं."

"मग का?"

ह्यांनी पुढचं ताट ओढलं, राख लावली. मग ताटाकडं बघतच बोलायला लागले. "सकाळी कुत्रं फिरवायचं. साहेबांचे बूट, बाईंची भाजी. पार्टी झाली की पन्नास-साठ ताटं, सगळी उष्टी. आबांनी गाव कशापायी सोडलं? आणि मी वर्दी घालून तेच करत हुतो. साहेब वाईट न्हाईत, कधी अरे-तुरेच्या पुढं बोलले न्हाईत. पण त्या खोलीची खिडकी बंगल्याच्या मोरीवर उघडायची. तू बघितलं असतंस. आणि आबांना कळलं असतं."

मला भयंकर राग आला. सोळा वर्षं मी एका परक्या माणसाला शिव्या घातल्या. माझी पोर बापाला पावणं म्हणाली. हे सगळं कशासाठी, तर मला एक खिडकी दिसू नये म्हणून!

मी पदर खोचला, त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या हातातलं ताट ओढून घेतलं.

"बघितलं असतं," मी म्हणाले. "आणि रोज मोरीवर येऊन निम्मी ताटं घासली असती. आबांना एका शब्दानं कळू दिलं नसतं. तुमी मला इचारलंच न्हाय."

ह्यांनी राखेची वाटी माझ्याकडं सरकवली. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते.