मामाजींचा रिकामा डबा

परवा मोठीने, डॉक्टरकी शिकणाऱ्या तुमच्या ताईने, फोनवर समजावलं, की भूक लागल्याची खबर मेंदूला देणारं एक संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं, आणि अन्न आतड्यात पोचलं की तिथली दुसरी संप्रेरकं 'पुरे' असं कळवतात. ती उत्साहाने बोलत होती आणि मला तुमचे पणजोबा दिसत होते.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. दिघोरीजवळच्या आमच्या गावात मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जेवणाचं लोकांना कौतुक होतं. भाताच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत चिखलाच्या बांधीतून, खाचरातून, वर आले की भाताचं भांडं त्यांच्याजवळच ठेवावं लागे. मग पोटात गाठ निघाली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. सगळं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. "थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. भूक येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले.

ती आली नाही.

मी घड्याळ पाहून वाट्या पुढे करायची. ताकद यावी म्हणून तांदळाच्या पेजेत गूळ घालायची. जठर नसलं की गोड सरळ आतड्यात उतरून त्रास देतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं; चार घोटांत त्यांना दरदरून घाम फुटे, छाती धडधडे, आणि ते खाटेवर आडवे होत. भेटायला आलेली शेजारीण हसून म्हणाली, "सुनेच्या हातचं गोड नाई लागत वाटते मामाले!"

"गोड लागते ना," मामाजी म्हणाले. "पण खायाचं ध्यानच नाई येत."

तेवढ्यात तुमची आई, तेव्हा चार वर्षांची, भूक लागली म्हणून रडत आली. मामाजींनी तिला जवळ ओढलं. "कुठं लागली वो माय? दाखव बरं." तिने पोटावर हात ठेवला. त्यांनी आपलाही हात आपल्या पोटावर त्याच जागी ठेवून पाहिला.

खरी पंचाईत सासूबाईंची होती. आयुष्यभर त्या मामाजींच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवल्या. मामाजी दोन घासांवर उठले की त्याही दोन घासांवर उठत. "तुम्ही तरी पोटभर जेवा," मी म्हणायची. "ते उपाशी अन् मी जेवू? घशाखाली उतरंल कावो?" त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

मग मामाजी सकाळीच बांधीवर जाऊन बसू लागले. डबा तिकडेच मागवत. संध्याकाळी तो रिकामा परत येई. सासूबाई डब्यात डोकावत, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत.

एकदा डबा घेऊन मी स्वतः गेले. मामाजी मोहाच्या झाडाखाली बसले होते आणि डब्यातला भात पळसाच्या पानावर काढून कुत्र्याला देत होते. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं होतं.

"मामाजी, हे काय?"

"सांगजो नको तिले," ते म्हणाले. "तिच्यासाठी खाऊन पाह्यलं मी. नाई होत बाई."

सांगितलं तर सासूबाईंचं जेवण सुटणार. नाही सांगितलं तर हे असेच वाळत जाणार. मी बी.ए. झालेली, घरात सगळे मला विचारून औषधं घेत. पण नसलेली भूक कुठून आणायची, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या काळी डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं. आजही त्यावर सोपा उपाय नाही, असं मोठी म्हणते.

त्या दिवसापासून डबा मीच नेऊ लागले. समोर बसायची. माझ्या शब्दाखातर ते कधी तीन, कधी चार घास घेत, मग डबा माझ्याकडे सरकवत. उरलेलं कुत्र्यापुढे ठेवून मी तळ्यावर डबा धुवायची. पुढच्या रोवणीला मामाजी नव्हते.

पण तोवर रोज घरी पोचले की सासूबाई उंबऱ्यातच उभ्या असत.

"जेवले ना?"

"जेवले."

मग त्या हात धुऊन ताट ओढत.