पितळी डब्याचं भांडण

तानाबाईचा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की आम्हाला वाटलं होतं, बाई शेवटी गोड निघेल. ती गोड निघत नाही. तिचा मुलगा सतीश जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहतो. तिथे लिफ्ट आहे, बोअरचं पाणी आहे. दर रविवारी तो आईला न्यायला येतो आणि दर रविवारी एकटाच परत जातो. "तितं मी भांडू कुणासंगं? लिफ्टसंगं?" असं ती विचारते.

भांडायला तिला भीमाबाईच लागते. भीमाबाई तिची थोरली जाऊ. सासू गेल्यावर भावाभावांनी एका घराची दोन घरं केली. पुढच्या खोल्यांत भिंत छतापर्यंत गेली, पण परसात येईतो विटा संपल्या, म्हणून तिथे ती कमरेएवढीच राहिली. वरची भिंत मग दोघींनी तोंडाने बांधली. वाटणीत नळ भीमाबाईच्या बाजूला गेला आणि सासूचा साखरेचा घट्ट झाकणाचा पितळी डबा तानाबाईकडे आला. "थोरली सून मी. डबा माझा," असं भीमाबाई म्हणायची. "मग नळ दे की हिकडं," असं तानाबाई म्हणायची. ही झाली तोंडी लावायची भांडणं. त्यात कुणाच्या मनाला फारसं लागत नव्हतं.

मनाला लागलं ते त्रिंबक गेला त्या दिवशी. त्रिंबक म्हणजे तानाबाईचा नवरा, भीमाबाईचा धाकटा दीर. सोलापुरात नळाला पाणी रोज थोडंच येतं? चार-पाच दिवसांनी कधी येतं, नि ते नेमकं त्याच सकाळी आलं. प्रेत दारात. शेवटची अंघोळ घालायची होती आणि तानाबाईच्या घरात घोटभर पाणी नव्हतं. भिंतीपलीकडे भीमाबाईची मोटार चालू होती, बॅरल भरत होते, पण पाण्याचा पाइप काही भिंतीवरून अलीकडे पडला नाही. शेवटी मागच्या घरातल्या कौसरने दोन घागरी आणून दिल्या आणि त्रिंबकची अंघोळ त्या पाण्याने झाली.

"मला कुणी मागितलंच न्हाय," असं भीमाबाई पुढे सगळ्यांना सांगत राहिली. म्हणजे नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईने उठून, पदर खोचून, पाणी मागायला जायचं होतं! त्या दिवसापासून तानाबाईने तिला 'अक्का' म्हणणं सोडलं. त्या घरचं पाणी आपल्याला विष आहे, असं तिने गल्लीत सांगितलं. भीमाबाईनेही तेच शब्द उलट फेकले. आणि एकदा बुद्धविहाराच्या दारात, सगळ्या बायांच्या देखत, तानाबाई म्हणाली, "तू मेलीस की मी गल्लीभर पेढे वाटीन." बोलून गेली आणि ते लोकांच्या ध्यानात पक्कं बसलं.

गेल्या हिवाळ्यात भीमाबाईची साखर गोळ्यांना आटोपेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं. दिवसभर आणि रात्रभर पुरणारं, रोज सकाळी एकदाच पोटात टोचायचं. तिचा मुलगा रत्नदीप चिंचोळी एमआयडीसीत कामाला, पहाटेच बाहेर पडतो. सून शुभदा एका शाळेच्या ऑफिसात. तीच सासूला टोचून, डबा भरून, स्कूटीला किक मारून निघते. दुपारभर म्हातारी एकटी. शुभदाने एक दिवस भिंतीपाशी येऊन, आवाज खाली आणून सांगितलं होतं, "काकी, मी नसताना जरा लक्ष ठेवा. या औषधानं साखर कधी एकदम खाली जाते. घाम फुटला, थरथरायला लागल्या, काहीबाही बोलायला लागल्या, तर लगेच साखर द्या. पण गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काही घालू नका. सरळ एकशे आठला फोन करा."

"मला काय पडलंय?" असं म्हणून तानाबाईने तोंड फिरवलं. पण सांगितलेलं सगळं तिने लक्षात ठेवलं होतं. वैऱ्याची खबर ठेवायला तिला आवडतं.

वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताच्या तीन महिन्यांतल्या, पौर्णिमेला भीमाबाईने पांढरी साडी नेसून विहारात अष्टशील, म्हणजे दिवसभराचे आठ नियम, घेतलं. त्यात बाकीच्या नियमांबरोबर हाही नियम असतो की दुपारी बारानंतर जेवायचं नाही, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. ती हे वर्षानुवर्षं करत आली होती. पण तेव्हा ती गोळ्यांवर होती, इन्शुलिनवर आल्यानंतरचा हा तिचा पहिलाच वर्षावास. सकाळी शुभदाने नेहमीसारखं पुरतं इन्शुलिन टोचलं, आणि सासू 'विहारात जाऊन बसते जरा' एवढंच म्हणाली. सून अडवेल हे तिला माहीत होतं. तिचा हिशेब सरळ होता, जेवलंच नाही तर साखर वाढणार कुठून? मग तर बरंच की. आत गेलेलं औषध आपलं काम करतच राहतं, बाई जेवली की उपाशी आहे हे ते विचारत नाही, ही गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही. त्यात विहारातून यायला उशीर झाला. बारा वाजायच्या आत घाईघाईने दोन घास पोटात गेले, तेवढेच.

तानाबाईचा जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला. आता घरी बसून ती टॉवेलांचे सुटे धागे कापायचं काम घेते. ऊन उतरल्यावर परसात ढीग मांडून बसली होती. बसण्याआधी तिने मुद्दाम साबणाचं पाणी मोरीत न टाकता भिंतीच्या खालच्या भोकातून पलीकडे सोडलं. एरवी एवढ्यावर भीमाबाईने तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज काहीच नाही. 'शील घेतलंय न्हवं, जिभेलाबी उपास,' असं म्हणून तानाबाईने नाक मुरडलं. तिला खरोखर राग आला होता. भांडण वाया गेलं की तिचा दिवस बिघडतो.

मग पलीकडे बादली आपटल्याचा आवाज आला. तानाबाईने मान वर केली. भीमाबाई नळापाशी उभी होती. आज पाण्याचा दिवस नव्हता, नळ कोरडा होता. तरी ती तोटी फिरवत होती. उघडायची, बंद करायची, परत उघडायची. खाली बादली रिकामी.

"पानी येतंय व्हय पौर्णिमंचं?" तानाबाईने टोमणा मारला.

भीमाबाईने वळून पाहिलं. "भावजींची अंगोळ राहिलीया," ती म्हणाली. "लोकं खोळंबलीत. पाइप टाकते मी, तू बादली लाव की."

तानाबाईच्या हातातली कात्री थांबली. तिच्या डोक्यात संताप गेला. इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसावरून, तेही अंगावर पांढरी साडी आणि आठ शीलं घेऊन ही बाई चेष्टा करते! "थांब, तुझी जीभच हासडते," असं ओरडत ती उठली, दगडावर पाय देऊन भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. मदतीला गेली असं कुणी समजू नये. ती मारायला गेली होती. तिने एक हात उगारला आणि दुसऱ्या हाताने भीमाबाईचा दंड धरला.

दंड गार होता आणि घामाने निथळत होता. पांढरी साडी पाठीला चिकटली होती. हात थरथरत होते. आणि भीमाबाईचे डोळे तानाबाईकडे बघतच नव्हते, ते तिच्या मागे कुणाला तरी शोधत होते. उगारलेला हात तानाबाईने खाली घेतला.

"बस हितं," तिने तिला पायरीवर टेकवलं आणि आत धावली. किती वर्षांनी त्या स्वयंपाकघरात पाऊल पडलं, ते बघायलाही वेळ नव्हता. साखर कुठे दिसेना. शुभदाने सासूच्या जिभेपायी गोड तेवढं सगळं लपवून ठेवलेलं. तानाबाई परत भिंतीवरून आपल्या घरी गेली, ग्लासात मूठभर साखर ढवळली, आणि परत आली.

"पी."

भीमाबाईने ग्लासाकडे पाहिलं, मग देणारीकडे पाहिलं. कोण ते मात्र तिने बरोबर ओळखलं. "इष घातलंस व्हय त्यात?" असं म्हणत तिने फटका मारला. साखरपाणी तानाबाईच्या तोंडावर उडालं आणि ग्लास फरशीवर गडगडला. "इष चारतिया मला! धावा!"

गच्चीवरून कौसर डोकावली. "काय झालं काकी?"

तानाबाईला पेढ्यांचं बोलणं आठवलं. तेव्हाही कौसर तिथेच उभी होती. आता ही बाई आपल्या हातात मेली तर गल्ली काय म्हणेल, रत्नदीप काय म्हणेल, पोलीस काय विचारतील? सगळ्यांनी ऐकलंय, विष विष म्हणून ओरडत होती. आयुष्यभर जिच्या मरणाची भाषा केली तिला आता काहीही करून जिवंत ठेवणं भाग होतं. "शुभदाला फोन लाव गं!" ती ओरडली. "साखर उतरलीया म्हणावं हिची! आणि गाडीलाबी लाव, एकशे आठला!"

ग्लास परत भरून उपयोग नव्हता. भीमाबाईने दात घट्ट आवळले होते. जबरदस्ती करून घशात ओतावं तर ठसका लागायची भीती. तानाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. या बाईला ती जगात कुणाहीपेक्षा जास्त ओळखत होती. ही आपल्या हातचं काही घेणार नाही. दिलं तर नाहीच. पण आपल्या हातातलं हिसकावून घ्यायची संधी हिने कधी सोडली आहे का?

परत एकदा ती भिंत ओलांडून घरी गेली आणि सासूचा पितळी डबा घेऊन आली. पायरीवर, भीमाबाईच्या अगदी समोर बसली. झाकण काढलं. त्यातली चिमूटभर साखर आपल्या तोंडात टाकली आणि मिटक्या मारल्या.

"सासूबाईंचा डबा," ती म्हणाली. "वाटणीत मला आलाय. आख्खा माझा. तुला ह्यातला दाणाबी घावायचा न्हाय."

भीमाबाईची नजर हळूहळू डब्यावर येऊन थांबली.

"थोरली म्हनं! थोरलीला काय मिळालं? कोरडा नळ!"

"माझा हाय त्यो," भीमाबाई पुटपुटली.

"हात लावून बघ."

भीमाबाईने झडप घातली. थरथरत्या हाताने मूठ भरली आणि तोंडात कोंबली, अर्धी साडीवर सांडली. तानाबाईने डबा मागे ओढल्यासारखं केलं, तशी तिने दोन्ही हातांनी तो छातीशी धरला आणि दुसरी मूठ भरली. "चोरटी हाईस तू!" तानाबाई ओरडत राहिली, आणि ओरडता ओरडता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते रागाचं होतं की भीतीचं, हे तिचं तिलाही कळलं नाही. साखर तोंडात विरघळत होती, भीमाबाई गिळत होती, एवढंच ती बघत होती.

थोड्या वेळाने घाम ओसरला. भीमाबाईने मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं, साखरेने भरलेल्या साडीकडे पाहिलं. "तू हितं काय करतीस?" तिने विचारलं. आवाजात जुना विखार परत आला होता, आणि तो ऐकून तानाबाईला एकदम हायसं वाटलं.

"माझा डबा न्ह्यायला आलते," ती म्हणाली आणि डबा तसाच टाकून भिंतीवरून आपल्या घरी गेली.

पाठोपाठ शुभदा आली, गाडीही आली. गाडीतल्या डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं. साखर वर आली होती, पण त्यांनी बजावून सांगितलं, ही चढलेली साखर टिकणार नाही, सकाळचं इन्शुलिन अजून आत काम करतंय. आत्ता भाकरी खायला द्या, थोड्या थोड्या वेळाने तपासत राहा, रात्रीसुद्धा, आणि उद्याचं इन्शुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. भीमाबाई अडून बसली, शील मोडायचं नाही. "आई, आजाऱ्यानं उपाशी राहावं असं विहारातले भन्तेजी कधी म्हणालेत का? विचारलं असतं तर त्यांनीच नको म्हटलं असतं," शुभदा रडकुंडीला आली.

"खाऊ नकोस गं," भिंतीपलीकडून आवाज आला. "मी पेढ्यांची आर्डर देतीया."

भीमाबाईने भाकरीचा तुकडा मोडला.

त्या रात्री तानाबाईला झोप लागली नाही. भीमाबाईला नळापाशी आपण काय बोललो ते आठवत नव्हतं, पण तानाबाईच्या कानात ते बसलं होतं. 'भावजींची अंगोळ राहिलीया.' एवढी वर्षं तिने ठरवून टाकलं होतं की त्या बाईच्या काळजाला काही लागलंच नाही. लागलं होतं. भान सुटल्यावर ती त्याच बादलीपाशी जाऊन उभी राहिली होती. हे कळल्यावर मन हलकं व्हावं की नाही? तानाबाईचं झालं नाही. आपली हक्काची वस्तू कुणीतरी चोरून नेल्यासारखा तिला राग आला. तिने ते कुणाला सांगितलं नाही, सतीशलाही नाही, आणि भीमाबाईला तर मुळीच नाही. पश्चात्ताप झालेल्या बाईशी भांडायचं कसं?

डॉक्टरांनी इन्शुलिन कमी करून दिलं, उपास बंद केले. दोन दिवसांनी शुभदा तो डबा घासूनपुसून परत द्यायला भिंतीपाशी आली. तानाबाई तिच्यावर खेकसली, "खबरदार परत आणलास तर! साखर घाल त्यात आणि म्हातारीच्या हाताशी ठेव. आणि तिला सांग, मी मागतीया म्हणून."

आता रोज ऊन उतरलं की गल्लीला एक भांडण ऐकू येतं. लोक हसतात, म्हाताऱ्यांना एका डब्याचा सोस सुटत नाही म्हणतात. तानाबाई हातातली कात्री बाजूला ठेवते, भिंतीजवळच्या दगडावर एक पाय देते आणि घसा ताणून ओरडते, "माझा डबा दे गं!"

मग ती तशीच उभी राहते, दगडावर एक पाय, कान पलीकडे.

"देत न्हाय, जा!"

तानाबाई पाय खाली घेते आणि धागे कापायला बसते.