झंपरआक्काची मशीन

आमच्या घरात रांजणालासुद्धा झंपर होतं. रेडिओला होतं, जात्याच्या खुंट्याला होतं, सासऱ्यांच्या काठीला तर झालरीचं होतं. हे सगळं माझ्या थोरल्या जावेचं काम. गाव तिला झंपरआक्का म्हणायचं.

तिची स्वतःची झंपरं पेटीत मावत नव्हती. घालायची मात्र दोनच, तीही विटलेली. मी एकदा विचारलं, "बाई, एवढी झंपरं घालणार कोण?"

"घालायला कोण शिवून राह्यलंय? जेवल्यावर तू सुपारी खातीस, ती काय भूक लागली म्हणून?"

माझ्या तोंडात सुपारी होती. 

तिचे मालक, म्हणजे आमचे भाऊजी, या नादाला कावले होते. तिनं त्यांच्या धोतराला खिसा लावला त्या दिवशी ते म्हणाले, "आता घरातल्या माणसाला एक टाका जरी घातला, तर मशीन वडीगोद्रीला माझ्या बहिणीकडं जाईल." मशीन आक्काच्या माहेरची. तिनं शिवण बंद केलं. मग तिचं कशातच लक्ष लागेना. भाकरी करपायच्या आणि आम्ही खायचो.

पोळा आला. "बैल काय माणूस न्हाई," म्हणून ती झूल शिवायला बसली. झूल पाठीवर नुसती टाकतात. आक्कानं ती पोटाखालून घेऊन झंपरासारखे हूक लावले. माप घेतलं तेव्हा बैल उपाशी होता. मग आम्ही त्याला रीतीप्रमाणे पुरणपोळ्या चारल्या. मारुतीपुढं तोरणाखाली बैलानं मोठा श्वास घेतला आणि सगळे हूक तटातट तुटले. एक पुजाऱ्याच्या ताटात पडला.

"अण्णा, पुढच्या साली जरा ढिलं शिवा," कुणीतरी भाऊजींना म्हणालं. सगळा पार हसत होता.

आक्का मला म्हणाली, "पुरण धरून माप घ्यायला पाह्यजे होतं."

पोळा सरल्यावर भाऊजींनी मशीन बैलगाडीत चढवली. आक्का रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "अवो, उघडीच नेता का? रस्त्यानं धूळ किती. खोळ शिवू द्या, मंग न्या."

बोलणं बराबर होतं. भाऊजींनी मशीन उतरवली.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "झाली का?"

"झालर राह्यली."

दुसऱ्या दिवशी अस्तर राहिलं. बाजाराच्या दिवशी नाडी राहिली. मग माप चुकलं म्हणून तिनं सगळं उसवलं.

"खोळ शिवून राह्यलीस का मांडव?"

"घाईनं शिवलं की काय होतं, ते मारुतीपुढं पाह्यलं न्हाई का?"

भाऊजी त्यानंतर विचारायचे, पण सवयीनं. रांजणाला नवं झंपर आलं, तेही त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आता दोघंही नाहीत. मशीन माझ्याकडं आहे. मला शिवता येत नाही आणि शिकायचंही नाही. मागं वडीगोद्रीच्या नणंदेचा मुलगा मशीन न्यायला आला होता. मी त्याला चहा दिला, अर्धी खोळ दाखवली आणि म्हटलं, एवढी होऊ दे, मग ने.