वहिनीशिवायची सहल

वहिनींना त्या सहलीला येऊ दिलं नाही, ही चूक माझीच. परवा गच्चीवर भिजलेल्या ताडपत्रीचा कुबट वास आला आणि सगळं पुन्हा समोर उभं राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालाच्या टेम्पोत गाद्या टाकून, वर ताडपत्री बांधून, स्टोव्ह घेऊन लांब निघायचो. रात्री त्यातच झोपायचो. दोन वर्षं ओळीनं अवकाळी पावसानं गाठलं. मी चेष्टेनं म्हणू लागलो, "वहिनी टेम्पोत बसल्या की ढग मागं लागतात." सगळे हसायचे, त्याही हसायच्या. पुढच्या वर्षी कोकणात जायचं ठरलं. वहिनींनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. तरी मी दादाला म्हणालो, "औंदा त्यांना राहू दे घरी. एक तरी ट्रिप कोरडी होऊ दे." चेष्टा नव्हती ती, मला खरंच तसं वाटत होतं. दादानं ऐकलं. निघताना पुंडलिकनगरच्या घराच्या फाटकात वहिनींनी चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला. "जा भाऊजी, आता लई ऊन लागंल. टोप्या घेतल्या का?" घाट उतरतानाच पाऊस सुरू झाला आणि घरी परतेपर्यंत थांबला नाही. ओल्या गाद्यांवर बसून आम्ही वहिनींनी दिलेला चिवडा खात होतो. पुढं वहिनींना कितीदा बोलावलं, तर म्हणायच्या, "नको, उगं तुमच्या मागं पाऊस कशाला?" यंदा दवाखान्यात त्या कुणालाच ओळखेनाशा झाल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "वहिनी, पाऊस तुमच्यामुळं नव्हता. चुकलो मी. माफ करा."