लाल पट्ट्यातली मुलगी

माझी मुलगी जन्मली तेव्हा दीड किलोची होती. एरवी हे कुणी आई सांगेल आणि लोक हळहळतील. पण मी अंगणवाडी सेविका. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमची अंगणवाडी. दर महिन्याला गावातली आणि वरच्या वाड्यांतली पोरं टांगत्या काट्याच्या झोळीत घालायची, आकडा वाचायचा, तक्त्यावर ठिपका द्यायचा. हिरव्या पट्ट्यात ठिपका पडला की पोर ठीक. पिवळ्यात पडला की लक्ष ठेवायचं. लाल पट्ट्यात पडला की आईला बसवून समजवायचं आणि आठ दिवसांनी घरी जाऊन बघायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लाल पट्ट्यातलं एक बाळ गेलं. पुढच्या महिन्यात वजन घेताना मी सवयीने त्याचं नाव पुकारलं होतं.

आणि आता माझ्याच मुलीचा ठिपका लाल पट्ट्यात, तोही माझ्याच हाताने दिलेला. बाया तोंडावर बोलायच्या नाहीत, पण ओट्यावरून ऐकू यायचं, "बाईंचीच पोर अशी, नि आमाला शिकवतात!" लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. ती श्वास घेते का, हे बघायला मी दिवसातून दहा वेळा तिच्या नाकाशी बोट धरायचे.

ठिपका पिवळ्यात आला त्या दिवशी मी मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. सरकारी तक्ता भिंतीवर आणि मोहऱ्या माझ्या मुठीत! हसायचं तर हसा खुशाल. तिसऱ्या वर्षी ती हिरव्यात आली. दुसरी कुणी असती तर सुटकेचा श्वास टाकला असता. मला वाटलं, हिरव्यात यायला तीन वर्षं लागली, परत जायला किती लागणार?

म्हणून मी तिला पळू दिलं नाही. हो, हेच केलं मी. नाचणीचं सत्त्व, तूपभात, शेंगदाण्याचे लाडू भरवायचे आणि वर म्हणायचे, "बस गं जरा. खाल्लेलं अंगाला लागू दे. घाम गाळलास की सगळं वजन उतरतं, परत लाल पट्ट्यात जाशील." शाळा हाकेच्या अंतरावर, तरी गाडीवरून सोडायचे. बाहेर पोरी लंगडी खेळायच्या आणि माझी आत पंख्याखाली मोबाइल घेऊन बसलेली. तेवढीच मला शांती.

आमच्या मदतनीस बाई फटकळ. त्या एकदा म्हणाल्या, "बाई, पोरीला मखरात बसवलंय का? जरा उंडारू द्या की. पोर हाय ती, मूर्ती नाय."

"तुमची चारही धडधाकट," मी फणकारले. "तुम्हाला काय कळणार?"

सहाव्या वर्षी अंगणवाडीतलं वजन संपतं. मी संपवलं नाही. गरोदर बायांच्या काट्यावर दर महिन्याला तिला उभी करायचे. आकडा वाढला की म्हणायचे, "शाब्बास गं माझी वाघीण!" ती हसायची, मला वाटायचं जग जिंकलं. दहाव्या वर्षी तिचे फ्रॉक दोन महिन्यांत घट्ट व्हायला लागले, जिना चढून आली की ती भिंतीला टेकायची. मदतनीस बाईंनी एकदा आकडा वाचला आणि माझ्याकडे बघत पुन्हा मोठ्याने वाचला. मला ते दिसलं नाही असं नाही. पण आमच्या तक्त्यावर खाली घसरणाऱ्यांना रंग होते. वर जाणाऱ्यांची काळजी करायला मी शिकलेच नव्हते.

पाचवीत शाळेची सहल कोंडाणे लेण्यांना निघाली. चार पालक हवे होते, मी पहिली उभी राहिले. गावातून वर जायची पायवाट, रान, दगड. बाकीची पोरं शेरडांसारखी पुढे पळाली. माझी मागे मागे. अर्ध्या वाटेत ती एका दगडावर बसली. चेहरा लालबुंद, श्वासाचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. तिने छातीवर हात ठेवला आणि मी धावतच तिला गाठलं. मनात एकच, माझ्या पोरीचं हृदय गेलं. मी तिथंच ओरडले, "अगं आई गं, पाणी द्या कुणीतरी!"

पाणी प्यायली. श्वास हळूहळू जागेवर आला. मी पदराने तिचा घाम पुसत होते. तिने माझा हात धरला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "आई, एवढा घाम आला. आता मी परत लाल पट्ट्यात जाणार का? मी मरणार का गं?"

दमली होती म्हणून ती छाती धरून बसली नव्हती. घाबरून बसली होती. इतकी वर्षं मी तिला लाडवाबरोबर काय भरवत होते, ते मला त्या दगडावर कळलं. तिने माझं गप्प राहणं हो असं धरलं आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, तपासण्या करून घेतल्या. हृदय ठीक होतं. वजन उंचीच्या मानाने पुष्कळ जास्त होतं, आणि अंगाला दमायची सवयच नव्हती. "उपाशी ठेवायचं नाही, वजनावरून बोलायचं नाही," ते म्हणाले. "रोज खेळू द्या. वाढतं वय आहे, उंची वाढेल तसं अंग सावरेल." मग तिला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "खेळायचं नाव काढलं की ही एवढी का घाबरते?" मी तपासण्यांचे कागद पिशवीत भरायला लागले.

आता रोज संध्याकाळी ती शाळेच्या मैदानावर जाते. पहिले आठ दिवस मी कडेला उभी असायचे, हातात पाण्याची बाटली आणि जीव मुठीत. ती दहा पावलं पळायची, थांबायची, वळून माझ्याकडे बघायची. पुन्हा दहा पावलं, पुन्हा माझ्याकडे. मला वाटायचं, पोरीला धीर हवा. मी हसून हात हलवायचे.

नवव्या दिवशी ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "आई, तू घरी जा ना."

"का गं? दमलीस?"

"नाही. तुझं तोंड बघितलं की मला भीती वाटते."

मी बाटली तिच्या हातात दिली आणि निघाले. शाळेच्या भिंतीआड पोचेपर्यंत एकदाही वळले नाही. तिथं उभी राहून कान लावला. पोरी ओरडत होत्या, पळत होत्या. त्यातली तिची पावलं कुठली ते मला ओळखता येईना. मी तिला पळताना कधी ऐकलंच नव्हतं.