सगळ्यात ओळखीचं घर

फौजीशी लग्न केलं की पलटण ही थोरली सवत असते, असं आमच्याकडे बायका हसत हसत म्हणतात. मी सांगलीकडची, ऊस-हळदीच्या घरातली. साताऱ्याला सून म्हणून आले तेव्हा मीही ते हसण्यावारी नेलं. वर्षाकाठी दोन महिन्यांची रजा, बाकी वाट बघणं. पुढे हे निवृत्त होऊन आले, एमआयडीसीत राखणदारीची नोकरी धरली, आम्ही गावाबाहेरच्या कॉलनीत घर बांधलं आणि मला वाटलं, गेली एकदाची सवत. ती कुठली जाते! ती रोज सकाळी सातच्या ठोक्याला फाटक वाजवते आणि म्हणते, "वैनी, चहा टाका."

म्हणजे यांचे दोस्त. ते शिराळ्याकडचे. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच कंपनीत राहिले, शेजारशेजारच्या खाटांवर झोपले आणि निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधलं तेही आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी त्यांना भावजी म्हणते. माणूस भला आहे, त्यात वाद नाही. पण भल्या माणसाचा राग करणं फार अवघड असतं. नावं ठेवायला काही सापडतच नाही.

हे विसरायला लागले तेव्हा सुरुवातीला मी थट्टाच केली. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. मग एकदा भाजीला म्हणून राजवाड्याकडे गेले आणि यांना परत यायचा रस्ताच सापडेना. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. त्या दिवशी थट्टा संपली. डॉक्टर म्हणाले, हा वयाचा नाही, आजाराचा विसरभोळेपणा आहे. यात अलीकडचं आधी जातं आणि जुनं शेवटपर्यंत टिकतं. कणगीतलं धान्य कसं, वरचं आधी संपतं आणि तळातलं राहतं, तसं मी ते समजून घेतलं. मग मी भीत भीत विचारलं, मलाही विसरतील का? डॉक्टर म्हणाले, तसं आत्ता सांगता येणार नाही.

घरी येताना मी मनातल्या मनात मांडणी केली. हे भरती झाले तेव्हा मिसरूड फुटत होतं. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. म्हणजे भावजी तळाला आणि मी त्यांच्या वर. जाण्याच्या रांगेत माझा नंबर भावजींच्या आधी. ते मला सहन होईना. काय जायचं ते जाऊ दे, पण मी सगळ्यांत शेवटी जाणार, निदान भावजींच्या नंतर, असा हट्ट मी त्या दिवशी धरला.

मग मी कंबर कसली. ब्राह्मी झाली, भिजवलेले बदाम झाले. मुलगा पुण्याहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा, त्यात सांगतील ते सगळं झालं. किल्लीला दाराजवळ खिळा, चष्म्याला टीव्हीशेजारी डबा, गोळ्यांना वारांची डबी. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि ती यांच्याकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची. मी दिवसभर घोकून घेत असे आणि हे ढिम्म. भावजी यायचे, खुर्चीत बसायचे आणि दरडावायचे, "गोळी!" की हे ताठ बसून गोळी गिळायचे. माझी आर्जवं पालथ्या घड्यावर पाणी आणि त्यांचा एक शब्द हुकूम. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची.

अशात ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका स्मरणशक्तीवर बोलायला आल्या. माझ्या माहेरकडच्या बाई म्हणून मी यांना आग्रहानं घेऊन गेले. माणूस का विसरतो, ते त्यांनी छान सांगितलं. निम्म्या गोष्टी आपण मुळात ध्यानात घेतलेल्याच नसतात. किल्ली ठेवताना मन गॅसवरच्या दुधात असतं. काही गोष्टी पुन्हा आठवल्या नाहीत म्हणून पुसट होतात आणि काही एकसारख्या असल्या की एकमेकींत मिसळून जातात. पहिलं कारण ऐकून मी यांच्याकडे बघितलं. जन्मभर माझं बोलणं यांनी मुळात ऐकलंच नसेल, तर आजाराला तरी काय दोष द्यायचा?

मग त्यांनी एक युक्ती करून घेतली. डोळे मिटा, म्हणाल्या, आणि तुमच्या सगळ्यात ओळखीच्या घरात शिरा. लक्षात ठेवायची एकेक वस्तू एकेका जागी ठेवत पुढे जा. आठवायची वेळ आली की परत तीच फेरी मारा. त्यांनी दूध, छत्री, औषध, लाइटबिल अशी बरीच नावं सांगितली. मी आमच्या घरात शिरले, पण स्वयंपाकघराच्या पुढे माझं मन जाईना, सगळ्या वस्तू ओट्यावरच गोळा झाल्या. आणि हे उभे राहिले आणि हजेरी द्यावी तशी एकामागून एक सगळी नावं धडाधड म्हणून मोकळे झाले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मला तिथल्या तिथं कंदी पेढे वाटावेसे वाटले.

रिक्षात बसल्यावर मी कौतुकानं विचारलं, दूध कुठं ठेवलं होतं? म्हणाले, पाण्याच्या टाकीवर. आमच्या गच्चीवर टाकी आहे, मी मान डोलावली. आणि औषध? तर म्हणाले, कोतच्या दारात. कोत म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनीच समजावलं, रायफली ठेवायची खोली. लाइटबिल तिसऱ्या खाटेवर होतं आणि छत्री लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, खिडकीत. यांचं सगळ्यात ओळखीचं घर म्हणजे बराक होती. एकेक वीट बघून घेऊन मी बांधलेलं घर त्यांना त्या वेळी आठवलंसुद्धा नव्हतं. 

पण युक्ती लागू पडली होती, ती सोडून कशी चालेल? दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाला बराकीची फेरी सुरू झाली. बराकीचा नकाशा भावजींना तोंडपाठ. दार कुठं, दिवा कुठं, कुठली फरशी हलते, सगळं. गोळ्या कोतच्या दारात, किल्ली पहाऱ्यावरच्या संत्र्याच्या हातात, मुलाला खिडकीपाशी उभं केलं, नातवाला पाण्याच्या टाकीखाली खेळायला सोडलं. हे डोळे मिटून फिरायचे आणि भावजी शेजारून चालवायचे. मी चहा आणून ठेवायची आणि उंबऱ्यात उभी राहायची. माझ्याच पोराला आणि नातवाला कुठं ठेवायचं, हे मला परक्या माणसाला विचारावं लागत होतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सकाळी न राहवून मी मध्येच विचारलं, "आन मला कुठं ठेवलंय?"

हे डोळे मिटूनच थांबले. बराच वेळ आत कुठंतरी हिंडून आल्यासारखे. मग म्हणाले, "बायकांना आत परवानगी न्हाई."

त्यात कसली कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. भावजी हसले नाहीत, पण मला ते मनात हसल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फाटकातच अडवलं. यांना विश्रांती हवी आहे, थोडे दिवस येऊ नका, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरं वैनी म्हणाले आणि वळून गेले. फाटक लावताना मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू!

ते जिंकणं फार टिकलं नाही. हे सकाळी उठून फाटकाशी जाऊन उभे राहायचे. गोळी हातात दिली तर मुठीत धरून बसायचे. बराकीत मी चालवू गेले, तर हलणारी फरशी कुठली आणि कितवी खाट कुणाची, हे मला कुठं ठाऊक होतं? हे दारातूनच परत फिरायचे. अशाच एका दुपारी मी ताट वाढलं. त्यांनी पहिला घास मोडला, माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्याच्या घरी विचारावं तशा अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी जेवलासा का?"

लग्न झाल्यापासून मी यांच्या तोंडून "अगं" ऐकत आले होते. रागात ऐकलं, लाडानं ऐकलं, उगीचच्या उगीचही ऐकलं. बाई कधी ऐकलं नव्हतं. जेवले, म्हणाले मी, आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

संध्याकाळी मीच भावजींच्या घरी गेले. उद्यापासून या, एवढं म्हणाले. आणि मग मनात ठसठसत होतं तेही विचारलं, "भावजी, त्या बराकीत मी कुठंच न्हवते का वो?"

"आवं वैनी, असं कसं?" ते म्हणाले. "हेच्या ट्रंकेच्या झाकणाला, आतल्या अंगाला, तुमचा फोटो डकवल्याला हुता की. सांगलीच्या स्टुडिओतला. रोज सकाळी ट्रंक उघडायची, तुमाला बघायचं, आन मग गडी मैदानात जायाचा."

तो फोटो मला आठवला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते तेव्हा काढलेला, चापूनचोपून वेणी आणि फोटोग्राफरनं गप्प बस म्हटलं तरी न आवरलेलं हसू. तो हरवला असंच आम्ही धरून चाललो होतो. यांनी नेला, हे यांनी मला कधी सांगितलं नाही. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. पण घरी येताना माझ्या मनात घोळत राहिलं ते एवढंच, की माझा नवरा रोज सकाळी उठून मला बघायचा, आणि त्याचं ते बघणं बघायला मिळालं या माणसाला.

सकाळी भावजी आले. हे फाटकाशी उभेच होते, त्यांना बघून चेहरा उजळला. चहा झाला, फेरी सुरू झाली. दार, कोत, खिडकीपाशी मुलगा, टाकीखाली नातू. सगळे जागच्या जागी सापडले. मी या वेळी उंबऱ्यात उभी राहिले नाही, खुर्ची ओढून यांच्या समोर बसले. भावजींनी हळूच सांगितलं, "आता खाटंपाशी ये गड्या. ट्रंक उघड."

यांनी खाली वाकून हवेत कडी काढली. दोन्ही हातांनी झाकण वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. मिटल्या डोळ्यांनीच ते हसले. असलं हसू मी त्या घरात फार दिवसांनी बघितलं.

"कोन हाय?" भावजींनी विचारलं.

"आमची मंडळी."

कशी आहे, असं मी विचारलं. लय ग्वाड हाय, म्हणाले, आणि हसायला लागली की थांबत न्हाई. मी खुर्ची आणखी पुढे घेतली. माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागले.

"मला बी दावा की," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग हात हळूहळू खाली आणले, झाकण लावलं आणि कडी घातली.

"न्हाई," म्हणाले. "तिला मी कुनाला दावत न्हाई. राग मानू नगा, बाई."

भावजी खाली मान घालून बसले. त्यांचे डोळे भरले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा मत्सर वाटला नाही. तो सगळाच्या सगळा त्या झाकणातल्या पोरीच्या वाट्याला गेला होता. हे तिला कुणाला दाखवत नव्हते, मलासुद्धा.